बंदूक कोणती घ्यावी?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले, की आमच्याकडे तुळशीपाशी कारीट फोडण्याचा प्रघात आहे. डाव्या पायाचा अंगठा, त्याखाली ते हिरवे कडू फळ, आणि एक दाब. कारिटाचा अपराध काय, असे कोणी विचारीत नाही. त्याने कुणाच्या सोळा सहस्र कन्या कोंडून ठेवलेल्या नसतात. बांधावरच्या वेलीला ते आपले निमूटपणे लागलेले असते. आपण ते आदल्या दिवशी खुडून आणतो, त्याला नरकासुर म्हणतो आणि मग निश्चिंत मनाने चिरडतो. नाव ठेवल्यावाचून चिरडण्यात काही मौजच राहिली नसती.

फळाच्या बाबतीत हा खेळ निरुपद्रवी आहे. जित्या जनावराच्या बाबतीत तो तसा राहत नाही, आणि मला आज ज्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे तो इथूनच सुरू होतो. प्रश्न वरवर पाहता अगदी व्यवहारातला आहे. शेताची नासधूस करणारी जनावरे आणि ससा-खारीसारखी लहान शिकार यांसाठी बंदूक कोणती घ्यावी? दिवाळी अंकात चकलीच्या खमंग वासाबरोबर बंदुकीच्या दारूचा वास कशाला, असे एखाद्या भगिनीला वाटेल. पण कोकणात भातकापणी आणि दिवाळी हातात हात घालून येतात. ज्या भाताचे पोहे त्या सकाळी आपल्या पानात पडतात, ते भात कित्येकदा रानडुकराच्या तोंडातून वाचून आलेले असते. ते कोणी वाचवले आणि कसे वाचवले, एवढे विचारल्याने पोहे काही बेचव होत नाहीत.

हा प्रश्न सर्वांत आवडीने आणि सर्वांत बारकाईने चर्चिला जातो तो अमेरिकेत. तिथल्या खेड्यापाड्यांत शेतकऱ्याच्या घरी बंदूक असणे हे आपल्याकडे घरात कोयता असण्याइतके सहज आहे. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला, की बाप त्याला बंदूक धरायला शिकवतो. तिथल्या बोलीत एक गमतीदार शब्द आहे, 'व्हार्मिंट'. 'व्हर्मिन' या ग्रंथस्थ शब्दाचे ते खेडवळ रूप. मुळात त्याचा संबंध लॅटिनमधल्या अळीशी, किड्याशी. तो शब्द हळूहळू उंदरांना लागला, मग बिळे करणाऱ्या प्राण्यांना, मग कोल्ह्यांच्या जातीतल्या कायोटीलाही लागला. म्हणजे ज्याला व्हार्मिंट म्हटले, तो कितीही मोठा असो, शब्दाने त्याला आधीच किडा करून टाकलेले असते.

याच्या उलट दुसरा शब्द आहे, त्याला आपल्याकडे नेमका प्रतिशब्द आहे: सावज. खार, ससा ही तिथे लहान सावजे. सावज मारतात ते खाण्यासाठी. व्हार्मिंट मारतात ते नाहीसे करण्यासाठी. आणि हा फरक कुठे उमटावा? तर थेट बंदुकीच्या नळीत.

सावजासाठी तिथला शहाणा माणूस जी रायफल घेतो तिला .२२ म्हणतात. आपल्याकडे एन.सी.सी.ची मुले नेमबाजीचे पहिले धडे ज्या रायफलीवर गिरवतात, ती याच मापाची. तिचे आजचे काडतूस १८८७ सालापासून चालत आलेले आहे. गोळी चाळीस ग्रेन वजनाची, म्हणजे सोनाराच्या जुन्या हिशेबाने सुमारे पावणेतीन मासे. वेग सेकंदाला बाराशे फुटांच्या आसपास. बंदुकांच्या जगात हा वेग म्हणजे बैलगाडीच, पण शिकाऱ्याला तोच हवा असतो. खारीच्या डोक्यात ही गोळी नेमकी लागली, तर खार तत्क्षणी मरते आणि मांस वाया जात नाही. पोटात लागली, तर शिकारही वाया आणि जनावराचे हाल. त्यामुळे .२२ घेणाऱ्याला जवळ जावे लागते. वीस पावलांवर, तीस पावलांवर. फार तर पन्नास-साठ. पाचोळा न वाजवता चालणे, वारा कोणत्या दिशेचा आहे ते पाहणे, झाडाला टेकून तास तास बसून राहणे, हे सारे त्याला त्या मंद गोळीने शिकवलेले असते. त्याच्या घरी बायको त्या सशाचा रस्सा करणार असते, आणि रश्श्यात छर्रा दाताखाली आला तर तिचे बोलणे खावे लागते. संसारी माणसाची शिस्त ही अशी कुठून कुठून येते.

व्हार्मिंटसाठी मात्र निराळी बंदूक. तिथे मांस वाचवण्याचा प्रश्नच नाही. म्हणून गोळी हलकी, पातळ कवचाची आणि भयंकर वेगवान. १९३५ साली 'विंचेस्टर' कारखान्याने .२२० स्विफ्ट नावाचे काडतूस बाजारात आणले. त्याच्या हलक्या गोळीचा वेग सेकंदाला चार हजार फुटांवर गेला, म्हणजे आवाजाच्या साडेतीनपटीहून अधिक. त्यानंतर .२२२, .२२३, .२२-२५० अशी त्याची भावंडे आली. २००२ साली .१७ मापाचे एक चिमुकले काडतूस निघाले, गोळी जेमतेम मासाभराची, पण वेग सेकंदाला अडीच हजार फूट. या गोळ्या जनावराच्या अंगात शिरल्या की फुटतात, त्यांचे तुकडे तुकडे होतात. आत काय होते त्याचे वर्णन मी सणासुदीच्या पानावर करीत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मास्तरांचा निकाल ठरलेला दिसतो: पहिली बंदूक सज्जन, दुसरी दुर्जन. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण व्यवहारातली गोष्ट इतकी सरळ नाही, आणि जी माणसे या वेगवान गोळीची बाजू मांडतात त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.

ते म्हणतात, फुटणारी गोळी जनावराला क्षणात मारते. त्याला कळण्यापूर्वीच सारे संपलेले असते. शिवाय ती जमिनीवर आपटली तरी तिथेच फुटून जाते. उलट ती सज्जन .२२ची गोळी दगडावर किंवा पाण्यावर तिरकी आपटली तर उसळी घेते आणि कुठेही जाते. तिच्या काडतुसांच्या खोक्यावर दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते. दीड मैल म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर! सशाच्या मागे सुटलेली गोळी पलीकडच्या गावातल्या परसात जाऊ शकते. तेव्हा जिथे आसपास वस्ती आहे, गुरे चरत आहेत, तिथे फुटणारी गोळीच अधिक सुरक्षित. हे म्हणणे खरे आहे. जी बंदूक जनावराचे तुकडे करते, ती शेजाऱ्यावर दया करते. नीतीचे प्रश्न असे उलटेपालटे होऊन समोर येतात, म्हणून तर ते सुभाषितांनी सुटत नाहीत.

माझी शंका गोळीच्या फुटण्याविषयी नाही. ती आहे अंतराविषयी.

वेगवान गोळी सरळ जाते, म्हणून ती दूर मारता येते. दोनशे, तीनशे, चारशे यार्ड. मग त्यावर दुर्बीण बसते, नळी जाड होते, खाली दोन पायांचा टेकू येतो आणि शेतकरी शेतकरी राहत नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळरानांवर प्रेअरी डॉग नावाचा प्राणी राहतो. नावात कुत्रा असला तरी जातीने तो खारीचा भाऊबंद. बिळांची गावेच्या गावे वसवतो, बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभा राहून टेहळणी करतो. पशुपालक म्हणतात, तो कुरणातले गवत खातो. गाऱ्हाणे खोटे नाही. पण आता तिथे दूरदूरच्या शहरांतून लोक येतात, मेज मांडतात, खुर्चीत बसतात आणि दिवसभरात शेकडो काडतुसे उडवतात. मेलेले जनावर उचलायलाही कोणी जात नाही. चारशे यार्ड कोण चालणार? याला पिकाची राखण म्हणायचे की चांदमारी? चांदमारीला मातीचा ढिगारा पुरतो. इथे लक्ष्य हलते, शिटी घालते, आणि लागले की पडते, एवढाच जास्तीचा आनंद.

ज्याने जनावर खायचे ठरवले, त्याला निदान ते उचलायला जावे लागते. तो हातात धरतो, त्याचे ऊन अंग त्याला कळते, गोळी कुठे लागली ते दिसते. नेम चुकला असेल तर ते त्याच्या तळहाताला कळते. उपद्रवी म्हणून मारणाऱ्याला हे काहीच करावे लागत नाही. वास्तविक पाहता त्याच्यावरची जबाबदारी अधिक आहे. कारण सावज मारणाऱ्यापाशी भूक हे एक कारण तरी असते. याच्यापाशी फक्त तक्रार असते. तक्रार खरी आहे की नाही, ती याच जनावराविरुद्ध आहे की त्याच्या जातभाईविरुद्ध, हे तपासायला तरी जवळ जायला नको काय? पण शब्द असा की तोच ही जबाबदारी उतरवून घेतो. किड्याची चौकशी कोण करतो?

शब्दाने एकदा परवाना दिला की तो कुठवर चालतो, याचे दाखले इतिहासात पुष्कळ आहेत. इंग्लंडात १५६६ साली पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात धान्याच्या रक्षणासाठी एक कायदा झाला. उपद्रवी प्राण्यांची मुंडकी गावच्या चर्चमधल्या कारभाऱ्याकडे नेऊन द्यायची आणि पैसे घ्यायचे. त्या यादीत कोण असावा? खंड्या पक्षी! जो जन्मभर पाण्यावर टपून मासे खातो आणि धान्याच्या कणाला शिवत नाही. पण यादीत नाव आले की आलेच. सरकारी यादीतून नाव काढून घेणे हे नाव घालण्याहून किती अवघड असते, ते रेशनकार्ड दुरुस्त करायला गेलेल्या कोणालाही विचारावे.

अमेरिकेतच एके काळी कॅरोलायना नावाचा हिरवा-पिवळा पोपट लक्षावधींनी होता. तो बागांतली फळे आणि शेतातले धान्य खाई, म्हणून शेतकरी त्याला मारीत. त्या पोपटाचा एक स्वभाव होता: थव्यातला एक जखमी होऊन पडला, की बाकीचे उडून जात नसत, ओरडत त्याच्याभोवती परत येत. त्यामुळे एका जागी उभे राहून सारा थवा मारता येई. बंदूक साधीच होती. त्या जातीचा माहीत असलेला शेवटचा पोपट १९१८ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यात मेला. ज्या गुणाला आपण माणसांत शेजारधर्म म्हणतो, तो त्या पाखरांच्या मुळावर आला.

चीनमध्ये १९५८ साली चिमण्यांना शत्रू ठरवले गेले. त्या दाणे खातात म्हणून. डबे, थाळ्या बडवून त्यांना खाली बसूच द्यायचे नाही, दमून मरेपर्यंत उडत ठेवायचे, अशी मोहीम झाली. दाण्यांचा हिशेब केलेला होता, चिमण्या ज्या अळ्या खातात त्यांचा केलेला नव्हता. पिकांवर किडी मोकाट झाल्या आणि १९६० साली चिमणीचे नाव यादीतून काढून त्या जागी ढेकणाचे घातले गेले. आणि त्या प्रेअरी डॉगवरच जवळजवळ ज्याचे सारे पोट चालते, तो काळ्या पायांचा फेरेट नावाचा मुंगसासारखा दिसणारा प्राणी नष्टच झाला असे समजत होते. १९८१ साली वायोमिंगमध्ये एका शेतावरच्या कुत्र्याने एक मेलेला फेरेट तोंडात धरून घरी आणला, तेव्हा कळले की थोडे उरले आहेत. १९८७पर्यंत ते अवघे अठरा राहिले होते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यालाही 'व्हर्मिन' हा शब्द सोडवला नव्हता. त्याच्या पाचव्या परिशिष्टात उंदीर होते, फळे खाणारी वटवाघळे होती आणि कावळा होता. कावळा! भाद्रपदात ज्याची आपण हात जोडून वाट पाहतो, जो पिंडाला शिवला नाही तर घरातल्या कर्त्या माणसाचा जीव टांगणीला लागतो, तो आपला पितर पन्नास वर्षे सरकारदरबारी उपद्रवी म्हणून नोंदलेला होता. २०२२च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेले. तथापि एखादी जात अमुक प्रदेशात अमुक काळापुरती उपद्रवी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे राहिला आहे.

पण आमच्या समाजाची गंमत अशी की सरकारने दिलेले नाव आजीने दिलेल्या नावापुढे टिकत नाही. २०१६ साली सिमल्याच्या हद्दीत माकडांना उपद्रवी ठरवून मारण्याची मुभा दिली गेली, पण मारणारे हात पुढे येईनात. कागदावर तो उपद्रवी, डोळ्यांना मारुतिराया. नीलगायीचेही तसेच. ती काही गाय नव्हे, हरणांच्या गोतावळ्यातली. विदर्भात तिला रोही म्हणतात. पण नावातला 'गाय' हा शब्दच उत्तरेत तिचे चिलखत झाला. शेवटी २०१६च्या जूनमध्ये बिहारातल्या मोकामाच्या बाजूला हैदराबादेहून नेमबाज बोलवावे लागले आणि त्यांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. ज्यांचे पीक जात होते त्यांच्या हातून ते होईना, म्हणून ज्यांचे काही जात नव्हते त्यांना बोलावले. यात त्या शेतकऱ्यांची दया किती आणि सोय किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दयेची गोष्ट निघाली की आपल्याला तुकोबांची आठवण होते. त्यांना शेताची राखण करायला बसवले, पाखरे आली, तुकोबांनी ती खाऊ दिली. मुलांना ही कथा सांगताना वर्गात नेहमी शांतता पसरते. पण त्या कथेत आणखी एक माणूस आहे, त्याचे नावही कोणी घेत नाही: शेताचा मालक. तो पंचांकडे गेला. भरपाईचा प्रश्न निघाला. पुढे देवाच्या कृपेने खळ्यात रास वाढली म्हणून सारे निभावले. ज्याच्या खळ्यात अशी रास वाढत नाही, त्या मालकाने काय करावे? संताने आपल्या पानातले द्यावे हे शोभते. आपण मुंबई-पुण्याला बसून दुसऱ्याच्या शेतातले डुकराला देऊन टाकतो आणि स्वतःला भूतदयावादी म्हणवतो, हे मात्र मला पटत नाही.

जुन्या राखणीत एक शहाणपण होते. माळा बांधायचा, डबे वाजवायचे, शेकोटी पेटवायची, हाळी घालायची. गोफण हे त्या राखणीचे हत्यार. गोफणीतून सुटलेला गुंडा क्वचित कोणाला लागतो. त्याचे काम सूंऽ करून जाण्याचे. जनावर आणि माणूस दोघांनाही आपापली हद्द त्यातून कळे. आजही दिवाळीत उरलेले सुतळी बॉम्ब आमच्याकडे पोरांच्या हाती न देता शेतावर नेतात. पण राखणीला माणसे लागतात. घरातले तरुण मुंबईला, मुली सासरी, मागे उरले सत्तरीचे आजोबा आणि आजी. ते रात्रभर किती डबे वाजवणार? आणि रानडुक्कर काही खुळे नाही. चार रात्री आवाज झाला आणि पाठीत काही लागले नाही, की पाचव्या रात्री ते आवाजाच्या दिशेनेच येते.

म्हणून आमच्या कोकणात शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना घेतात. बहुतेकांकडे ठासणीची जुनी बंदूक. तोंडातून दारू भरायची, वर गोळी किंवा छर्रे ठासायचे, केप लावायची, चाप ओढायचा. परवाना आहे म्हणून दिसेल ते मारता येते असे नाही; जनावर मारायचे तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, मग शेतात भात उभे का असेना. डुकरांना आचारसंहिता लागू नसते! आणि सावज हा शब्द तर १९९१नंतर आपल्याकडे कायद्यातून उठलाच. ससासुद्धा मारता येत नाही. तेव्हा अमेरिकन शेतकऱ्यासमोर जसे दोन बंदुकांचे दालन उघडे असते, तसे आपल्याकडे नाही. तरीही प्रश्न तोच राहतो: परवानगी मिळाली, मारायचेच ठरले, तर कशाने?

माझे उत्तर बंदूक विकणाऱ्याला आवडण्यासारखे नाही. ठासणीच्या बंदुकीतले छर्रे डुकराच्या जाड कातडीत रुततात, ते मरत नाही. जखम घेऊन जाळीत शिरते, तिथे आठ-पंधरा दिवस कुजते, आणि त्या अवस्थेत लाकडे गोळा करायला गेलेल्या बाईवर धावून येते. तेव्हा स्वस्त म्हणून हलके हत्यार वापरणे ही दया नव्हे. दुसऱ्या टोकाला .३१५ची रायफल आहे, ईशापूरच्या सरकारी कारखान्यात होते ती. तिची ताकद पुरेशी. पण तिची गोळी मैलाच्या पुढे जाते आणि आमच्या वाड्या एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. माडांच्या पलीकडे कोणाचे अंगण आहे हे रात्री दिसत नाही. म्हणून मला वाटते, एकच भरभक्कम गोळी टाकणारी बारा बोअरची बंदूक, माळ्यावरून, वरून खाली जमिनीच्या दिशेने, तीस पावलांच्या आत. जिथे चुकलेली गोळी मातीतच जाईल. जिथे मारणाऱ्याला जनावराचे डोके आणि खांदा वेगळे दिसतील. त्याहून दूर असेल तर बार काढू नये, डबा वाजवावा.

तीस पावले हा आकडा मी शाळामास्तर म्हणून उगाच धरलेला नाही. आपल्या पुराणांत शिकारीच्या दोन मोठ्या कथा आहेत आणि दोन्ही न पाहता मारण्याच्या आहेत. दशरथ शब्दवेधी होता. पाण्यात घागर बुडाल्याचा आवाज त्याला हत्तीच्या पाण्याचा वाटला आणि श्रावण गेला. आज रात्रीच्या पारधीत झुडपाची सळसळ ऐकून बार काढणारे आणि आपल्याच सोबत्याला जायबंदी करणारे लोक दशरथाचेच वारस, फक्त त्यांच्या घरी राम जन्मत नाही. दुसरी कथा पांडूची. त्याने हरणांचे जोडपे रतिकाली मारले. ते हरीण म्हणजे ऋषी होता. पांडूने बाजू मांडली की राजाने मृगया करणे शास्त्राला मान्य आहे. ऋषीचे म्हणणे असे की मारलेस याचा मला राग नाही. कोणत्या वेळी मारलेस, ते पाहायला हवे होते. मला ही कथा फार आधुनिक वाटते. पिले अंगाशी असलेली डुकरीण आणि एकटा नर यांतला भेद दिसण्याइतके जवळ असणे, एवढीच त्या ऋषीची मागणी आहे.

आणि बंदूक मिळू दिली नाही, परवानगीचा अर्ज कचेरीत पडून राहिला, पंचनाम्याला माणूस उशिरा आला, नुकसानभरपाईची रक्कम बियाण्यालाही पुरली नाही, की शेतकरी काय करतो? तो तारेची फासकी लावतो. कुंपणात वीज सोडतो. कणकेच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवतो. यांना डोळे नसतात. रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत कमरेला अडकलेला बिबट्या सकाळी ओरडत सापडतो, ही बातमी आमच्या जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांना नवी नाही. विजेच्या तारेने गुरे मरतात, कधी गुरांमागे गेलेला मुलगा मरतो. २०२०च्या मे महिन्यात केरळात एक गाभण हत्तीण तोंडात स्फोटक फुटल्यामुळे नदीच्या पाण्यात उभी राहून मेली, तेव्हा सारा देश हळहळला. असली स्फोटके त्या भागात रानडुकरांसाठी पेरली जातात. डुक्कर त्याच यातनांनी मेले असते, तर आपल्याला त्याची बातमीही कळली नसती. बंदुकीविषयी ज्यांना तिटकारा आहे त्यांना मी एवढेच विचारतो, की जे हत्यार मारण्यापूर्वी पाहते ते क्रूर, की जे पाहतच नाही ते?

तरीही बंदुकीची वकिली करताना माझी जीभ अडखळते, आणि ती अडखळावी असेच मला वाटते. महाभारतातला धर्मव्याध मिथिलेच्या बाजारात मांस विकत बसलेला असतो. ज्ञानाच्या गर्वाने फुगलेला ब्राह्मण त्याच्याकडे शिकायला येतो, तेव्हा व्याध त्याला सांगतो की नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात. शेती करणारा हिंसेतून सुटलेला नाही. हे त्याचे म्हणणे कीर्तनात नेहमी येते. त्याचे दुसरे वाक्य कीर्तनकार बहुधा गाळतात: मी स्वतः मारीत नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो. धर्मव्याधालासुद्धा तेवढे अंतर राखावेसे वाटले! त्याच्या आणि जनावराच्या मध्ये एक मारणारा आहे. आपल्या आणि जनावराच्या मध्ये मारणारा, फासकी लावणारा, भात कापणारा, गिरणीवाला आणि वाणी असे पाच जण आहेत. प्रेअरी डॉगवर चारशे यार्डांवरून गोळी झाडणाऱ्याला मी मघाशी नावे ठेवली; तांदळाची पिशवी घरी आणणाऱ्याचे अंतर मोजायला मात्र यार्ड पुरणार नाहीत.

आमच्या बाजूला अलीकडे तिसराच मार्ग निघाला आहे. बंदूक नको, फासकी नको, अर्जही नको. लोक शेतच पड टाकतात. दोन वर्षे भुईमूग गेला, तिसऱ्या वर्षी भात गेले, चौथ्या वर्षी मुलाने मुंबईहून पैसे पाठवले आणि कळवले, की आता पुरे, रेशनचे तांदूळ आणा. म्हातारा नांगर माळ्यावर चढवतो. पहिल्या पावसाळ्यात शेतात गवत येते, दुसऱ्यात घाणेरी, तिसऱ्यात करवंदीच्या जाळ्या बांध गिळून टाकतात. चौथ्या वर्षी त्या जाळीत डुकरीण पिले घालते, आणि शेजारचा, ज्याने अजून नांगर सोडलेला नाही तो, तालुक्याला जाऊन बंदुकीच्या परवान्याचा अर्ज विकत घेतो.